पांढरी पाच

आमच्या गावात भजनाची पेटी काळी एकला लागते, म्हणजे सप्तकातल्या पहिल्या काळ्या पट्टीचा सूर सा धरून. अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, आधीपासून तशीच लागत आलीय. पखवाज त्याच सुराला चढवलेला, देवळातली वीणाही त्याच सुराची. पुरुषांच्या गळ्याला ही पट्टी सोयीची, त्यात वावगं काही नाही. पण बाईनं त्या पट्टीत गायचं म्हटलं की पंचाईत होते. खालून धरलं तर आवाज पुटपुटल्यासारखा येतो आणि टाळांत बुडून जातो. वरून धरलं तर चढत्या चरणाला चिरकतो. मग बायका टाळ्या वाजवतात आणि ओठ हलवतात. चौतिसाव्या वर्षापर्यंत मीही तेच केलं. मला गळाच नाही अशी माझी खात्री होती, आणि घरातल्यांचीही.

गाव मंगळवेढा तालुक्यातलं. चहूकडं काळं रान, त्यात रब्बीची मालदांडी ज्वारी. विहिरीखालच्या तुकड्यात तेवढा ऊस आणि मका. भाऊ पुण्याला नोकरीला, वहिनी आणि पोरं तिकडंच. इथं अण्णा, आई आणि मी. माझं बी.ए. झालं, स्थळं आली, काही आम्ही नाकारली, बरीच समोरच्यांनी. तिशी ओलांडली तशी यायची थांबली. त्यानंतर या मुलीचं घरात करायचं काय, हे कुणालाच ठरवता येईना. मारहाण नव्हती, उपासमार नव्हती. फक्त प्रत्येक गोष्ट विचारून. गिरणीत जाऊ का? बचत गटाच्या मीटिंगला जाऊ का? शेजारच्या काकूंकडं हळदीकुंकवाला जाऊ का? माझा फोन बिघडला तो दुरुस्तीला टाकलाच नाही. "तुला कुणाला लावायचाय?" असं अण्णा म्हणाले, आणि मला उत्तर सुचलं नाही.

आवाजाचं तर फारच कडक होतं. मोठ्यानं हसायचं नाही, अंगणातून हाक मारायची नाही, पाहुणे आले की आतूनच बोलायचं. चुलीपाशी काही गुणगुणले तर अण्णा ओसरीवरून खाकरायचे. शब्द एक नाही, नुसतं खाकरणं. तेवढ्यावर मी गप्प व्हायची. अण्णा वाईट नव्हेत. माळकरी माणूस, देवळाचे वीणेकरी, महिन्याची वारी कधी चुकली नाही. पण गाणं म्हणजे पुरुषाचं भजन, आणि बाईचं गाणं म्हणजे काहीतरी वेगळंच, ही त्यांच्या मनातली वाटणी पक्की होती.

ते वेगळं म्हणजे काय, हे आत्यानं एकदा उघड बोलून दाखवलं. दिवाळीत मी आणि वहिनी स्वयंपाकघरात एक गौळण म्हणत होतो. आत्या म्हणाली, "एवढा गळा मोकळा सोडायचा असंल तर मोडनिंबला जा की." मोडनिंब आमच्याच जिल्ह्यातलं, माढा तालुक्यातलं, लावणीच्या कला केंद्रांसाठी ओळखलं जाणारं. तिथं जाणं म्हणजे काय, हे तिला सांगावं लागलं नाही. मला त्या बोलण्याचा राग आजही येतो, आणि तो माझ्यासाठी कमी, मोडनिंबच्या बायकांसाठी जास्त येतो. रात्र रात्र उभं राहून, गाऊन-नाचून त्या आपली घरं चालवतात. विठाबाई नारायणगावकर जन्मल्या पंढरपुरात, 1935 साली. राष्ट्रपतींच्या हातून सन्मान झाला त्यांचा. आपण त्यांच्या नावानं पोरींना धाक घालायचा, हे कुठलं शहाणपण?

आणि आमच्या मंगळवेढ्याची कान्होपात्रा कोण होती? शामा नायकिणीची लेक. गाणं-नाचणं हेच घरातलं शिक्षण. बिदरच्या बादशहाचं बोलावणं आलं तेव्हा ती पंढरपूरला विठ्ठलाच्या पायाशी गेली आणि तिथंच तिनं देह ठेवला, अशी कथा आहे. मंदिराच्या आवारात तिची समाधी आहे, तरटीचं झाड आहे. अण्णा दर वारीला तिथं हात जोडून पुढं जातात. मला कितीदा वाटायचं, विचारावं, तिचं गाणं चालतं तर माझं का नको? विचारलं कधी नाही.

गाणं असं नाही की घरात नव्हतंच. लहानपणी ज्वारी काढायला बायका-माणसं रांगेनं रानात उतरायची तेव्हा भलरी म्हणायची. एकानं उचलायची, बाकीच्यांनी झेलायची. तिथं आईचा आवाज बांधापलीकडं जायचा आणि कुणी खाकरायचं नाही, कारण ते गाणं कामाला जुंपलेलं होतं. पुढं काढणी उक्ती जाऊ लागली आणि भलरी बंद पडली. जातं तर त्याआधीच कोपऱ्यात गेलं होतं. आईच्या ओव्या त्याच्यासोबत गेल्या.

माझं स्वतःचं गाणं सुरू झालं ते विहिरीवर. भाऊ पुण्याला गेल्यापासून दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, मीही जायची. शेतीची थ्री फेज लाईट कधी दिवसपाळीची, कधी रात्रपाळीची. रात्रपाळीला अण्णा जायचे, दिवसपाळीला मी. मोटारीच्या खोलीत स्टार्टरची पेटी आहे, मोटार चालू असेपर्यंत ती एकसारखी घूं करत असते. बाहेर पाण्याचा आवाज, जवळपास चिटपाखरू नाही. मी खोलीच्या उंबऱ्यावर बसून त्या घूं मध्ये आवाज मिसळायची. शब्द काही नसायचे, नुसता आ. वाफा भरला की उठून दारं मोडायचं, पुढचं धरायचं, परत येऊन बसायचं. त्या आवाजात माझा आवाज चिरकत नसे आणि बुडतही नसे. असं का होतं ते तेव्हा कळलं नव्हतं.

2023 च्या मार्चमध्ये एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. हे लिहिताना काहींना वाटेल, याचा गाण्याशी काय संबंध? फार संबंध आहे. त्याआधी आईला दवाखान्यात न्यायचं तर अण्णा मोटारसायकलवर न्यायचे. अर्धं तिकीट झाल्यावर म्हणाले, "तुम्ही दोघीच जात जा." पुढच्या वर्षी आईचे गुडघे फारच धरले आणि पंढरपूरला शेक आणि व्यायामासाठी दर गुरुवारी जावं लागू लागलं. त्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर गायनाचा वर्ग होता. आईचा शेक चालू असताना मी खाली बाकावर बसायची आणि वरून पोरींचे पलटे ऐकू यायचे. सारेग, रेगम, गमप. मी ते मनातल्या मनात म्हणायची. एका गुरुवारी आईच म्हणाली, "जा, विचारून ये. मी काय पळून चाललेय व्हय?"

वर एक वयस्कर बाई होत्या. संगीत शिक्षिका म्हणून शाळेतून निवृत्त झालेल्या, त्यामुळं सगळे त्यांना बाईच म्हणतात. त्यांनी वय विचारलं नाही. विचारलं, "कुठल्या पट्टीत गातेस?" मी सांगितलं, गावात काळी एकला लावतात. "गावाचं नाही विचारलं," त्या म्हणाल्या, "तुझी पट्टी?"

मला माहीत नव्हती. त्यांनी सा लावायला सांगितला. मी लावला तो मलाच ऐकू आला नाही. मग म्हणाल्या, "आई खाली आहे ना? तिला हाक मार. इथूनच. तिला ऐकू गेली पाहिजे." मी खिडकीपाशी गेले. भर बाजारपेठ, खाली माणसं, रिक्षा, तुळशीच्या माळांची दुकानं. पहिली हाक घशातच राहिली. दुसरी मारली, "आई!" खालून आईचा आवाज आला, "काय गं?" बाईंचं बोट पेटीवर फिरत होतं. काळी तीन दाबली, सोडली, शेजारची पांढरी दाबली. "आता हाच आवाज धरून ठेव. सोडू नकोस." मी धरला. पेटीचा आणि माझा सूर एकमेकांत गेला तेव्हा कानात एक भरीवपणा आला. तो मी ओळखला. स्टार्टरच्या खोलीतला होता तो. "पांढरी पाच," बाई म्हणाल्या, "वहीत लिहून ठेव."

स्टार्टरची गोष्ट मी त्यांना बऱ्याच दिवसांनी सांगितली, लाजत लाजत. बाईंचे यजमान वीज खात्यातून निवृत्त झालेले. ते ऐकून खुर्चीतून उठलेच. म्हणाले, आपली वीज सेकंदाला 50 आवर्तनांची, त्यामुळं ट्रान्सफॉर्मर आणि स्टार्टरची गुणगुण त्याच्या दुप्पट, म्हणजे 100 कंपनांची असते. पेटीवर पाहिलं तर खालच्या सप्तकातल्या पांढरी पाचची कंपनं 98, म्हणजे ही गुणगुण तिच्याच किंचित वर. एवढी वर्षं तो डबा मला माझाच सूर देत होता. हे समजलं त्या दिवशी मी एसटीत घरापर्यंत हसत आले.

शिकणं मात्र सोपं गेलं नाही. माझी मुख्य अडचण सुराची नव्हतीच, जबड्याची होती. मी दात जवळजवळ मिटलेले ठेवूनच बोलायची, हे मला बाईंनी दाखवलं. आ म्हण म्हटलं की ओठ उघडायचे, दात नाही. त्यांनी दोन बोटं उभी करून दातांमध्ये धरायला लावली. तसं धरून सा, मग रे, मग ग. जबडा कानशिलापर्यंत दुखायचा. घरी आल्यावर भाकरी चावताना कळ यायची. मग खर्ज. पहाटे, पोटात काही नसताना, खालचा सा जेवढा लांबेल तेवढा लांबवायचा. छातीवर तळहात ठेवायचा, तिथं थरथर लागली पाहिजे. घरात पहाटे खर्ज लावणं अशक्य, म्हणून मी गोठ्यात शेण काढायच्या वेळेला लावायची. म्हशीनं कधी तक्रार केली नाही, पण अण्णांचं खाकरणं तिथंही पोचलं. पहिल्यांदा ते ऐकून मी श्वास संपेपर्यंत सा सोडला नाही. पोटात गोळा आला होता, पाय कापत होते. सूरही हलला असणार. पण सोडला नाही.

पैशाचं सांगायला हवं, कारण पैशावाचून यातलं काही झालं नसतं. सुरुवातीची फी आईनं अंड्यांच्या पैशांतून दिली. मग 2024 च्या पावसाळ्यात लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरून घेणं सुरू झालं. कुटुंबातल्या एका अविवाहित बाईलाही त्यात घेत होते. माझं लग्न न झालेलं असणं कुठल्याही कागदावर पात्रता म्हणून धरलं गेलं ते पहिल्यांदा. अर्ज अण्णांनीच अंगणवाडीत नेऊन दिला. राखीपौर्णिमेच्या आधी दोन महिन्यांचे 3000 रुपये एकदम जमा झाले. पासबुक अण्णांच्या कपाटात होतं. मी म्हटलं, "माझं पासबुक द्या." ते म्हणाले, "कशाला?" मी म्हटलं, "फी भरायची आहे." एवढ्या वर्षांत मी त्यांच्याकडं कारण सांगून वस्तू मागितली आणि परवानगी मागितली नाही, असं झालं नव्हतं. त्यांनी पासबुक दिलं. का दिलं, मला आजही नीट सांगता येणार नाही. कदाचित ते माझ्या नावाचं होतं हे छापलेलं दिसत होतं म्हणून.

त्याच सुमारास आईचा शेक बंद झाला. गुरुवारी पंढरपूरला जायचं कारण संपलं. आई म्हणाली, दुखतंय म्हणून सांगते, अजून महिनाभर ढकलू. मला ते नको होतं. रात्री जेवताना मी सांगितलं, "गुरुवारी मी पंढरपूरला जाणार आहे. गाण्याचा क्लास आहे. साडेपाचच्या गाडीनं परत येईन." जाऊ का, असं विचारलं नाही. अण्णा ताटावरून उठले, हात धुतले आणि गौरी-गणपतीपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. आईशीही तुटक. त्या दिवसांत घरात जे काही होतं ते सगळं आईनं सोसलं. लोक मला धीट म्हणतात. आईचं नाव कुणी घेत नाही, म्हणून मी इथं घेते.

परीक्षेला बसायचं बाईंनीच ठरवलं. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोनदा होतात. उन्हाळ्यात एकदा आणि नोव्हेंबर-डिसेंबरात एकदा. पहिली प्रारंभिक, मग प्रवेशिका प्रथम, मग प्रवेशिका पूर्ण, अशी वर विशारद आणि अलंकारपर्यंत शिडी. पहिल्या दोन्हींना लेखी पेपर नाही, समोर बसून गायचं. हे मंडळ 1931 चं, पण त्याची मुळं विष्णु दिगंबर पलुस्करांच्या शाळेत. कुरुंदवाडला जन्मलेला हा माणूस, 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढतो आणि गाणं शिकायला घराण्यात जन्मावं लागत नाही, फी भरून वर्गात बसता येतं, असं दाखवून देतो. घरच्या बायका-मुलींनी गाणं शिकणं चारचौघांत मान्य व्हावं यात त्यांचा वाटा फार मोठा आहे, असं बाई सांगायच्या. त्यांचा फोटो वर्गात आहे. मी पाया पडूनच बसते.

सोलापूरच्या केंद्रावर माझा नंबर दहा-अकरा वर्षांच्या पोरींच्या मध्ये आला. त्यांच्या आया मला परीक्षक समजून वाट देत होत्या. आत परीक्षकांनी पहिलं विचारलं, "पट्टी?" मी म्हटलं, "पांढरी पाच." दुर्गा रागातलं सरगमगीत गायले, भूप रागाची बंदिश गायले, हातावर ताल धरून त्रिताल म्हणून दाखवला. बाहेर आले तेव्हा घामानं ब्लाउज पाठीला चिकटला होता. पास झाले. त्या रात्री मुक्काम भाऊबंदांकडं न करता मी शेवटच्या गाडीनं एकटी मंगळवेढ्याला उतरले, आणि गावातली रिक्षा ठरवून रात्री दहाला घरी आले. परीक्षेपेक्षा त्याची चर्चा जास्त झाली.

आमचं महिला भजनी मंडळ सुरू झालं बचत गटातून. गटातल्या बायकांना मी काय करते ते कळलंच होतं. अंगणवाडीच्या सेविका म्हणाल्या, "आम्हाला पण शिकव की अक्का, टाळ्या वाजवून हात दुखले." गटाच्या बचतीतून अंतर्गत कर्ज काढून जुनी पेटी घेतली. तिचे दोन स्वर चिकटत होते, भात्याला भोक होतं. पंढरपुरात टाळ, वीणा, पखवाज यांची दुकानं आहेतच, तिथल्या कारागिरानं पेटी उघडून माझ्यासमोर एकेक पत्ती खरवडून साफ केली. बायका जमल्या त्या वेगवेगळ्या गळ्यांच्या. दूध डेअरी चालवणाऱ्या काकूंचा आवाज तर पुरुषाला लाजवील असा रुंद. साठीच्या बायकांना पांढरी पाच चढी पडायची, म्हणून त्यांच्या अभंगांना पांढरी चार धरायची, तरुण सुनांना माझीच पट्टी. पहिले काही आठवडे मी कुणालाच अभंग म्हणू दिला नाही. प्रत्येकीला उभी करून नवऱ्याला, पोराला, म्हशीला, ज्याला घालायची त्याला हाक घालायला लावली. समाजमंदिरात नुसता आरडाओरडा. जाणारे-येणारे डोकावून बघायचे. एक सून हाक मारता मारता रडायला लागली आणि थांबेना. का रडतेस, असं तिला आमच्यातल्या एकीनंही विचारलं नाही.

चैत्रात सप्ताह असतो. काकडा, पारायण, गाथा, प्रवचन, हरिपाठ, कीर्तन, रात्रभर जागर. वीणा सात दिवस जमिनीला टेकत नाही, पहाऱ्यानं हातोहात फिरते. महिला मंडळाला दुपारची दोन ते चार वेळ दिली, जेव्हा मंडपात जेवून सुस्तावलेले चार म्हातारे असतात. आम्हाला ती चालली. अडचण पखवाजाची होती. आमच्यात पखवाज वाजवणारी कुणी नाही, म्हणून गावातले तात्या बसणार होते, आणि त्यांचा पखवाज काळी एकला चढवलेला.

बाईंशी बोलून मी याचा विचार करून ठेवला होता. मी पेटी पुढ्यात घेतली, माईक जवळ ओढला आणि म्हटलं, "तात्या, पखवाज अर्धा स्वर उतरवून पांढरी एकला घ्या." मागून कुणीतरी म्हणालं, "आजवर काळी एकलाच चाललंय." माईक चालू होता, त्यामुळं माझं उत्तर कर्ण्यावरून वेशीपर्यंत गेलं असणार. मी म्हटलं, "पुरुषांच्या भजनाला काळी एकच राहू द्या. आमचे दोन तास पांढरी पाचला होतील. पखवाज पांढरी एकला आला की पांढरी पाचला तो मध्यमाला लागतो, आणि आज्ज्यांच्या पांढरी चारला पंचमाला. एकदा उतरवला की दोन्हीकडं चालतो. झालं की परत चढवून घ्या."

तात्यांनी मनाशी हिशोब केला. मग हातोडी काढली, गट्टे सैल केले, गजऱ्यावर फिरून फिरून ठोके दिले. मी पेटीची पांढरी एक दाबून धरली होती. ठोका, थाप, ठोका, थाप. धुमावरची, म्हणजे पखवाजाच्या डाव्या तोंडावरची, कणीक वाळली होती, ती त्यांनी काढली. डेअरीवाल्या काकूंनी घरी पळत जाऊन ताजी मळून आणली. तिचा गोळा थापून त्यांनी धुमावर हात मारला, शाईवर बोट मारलं, आणि मला म्हणाले, "लाव आता. बरोबर हाय पोरीचं."

जय जय रामकृष्ण हरी धरलं. खालून सुरू करून एकेक आवर्तनाला चढवत नेलं. मंडळातल्या बायकांनी झेललं तेव्हा पहिल्यांदा माझ्या कानांना टाळांच्या वर बायकांचा आवाज ऐकू आला. टाळांच्या वर! मी विठ्ठलाच्या रूपाचा अभंग घेतला, वरच्या षड्जाला गेले, तिथं थांबले. चिरकला नाही. तात्यांनी तिथं एक लांब तिहाई दिली. मंडपात माणसं येऊ लागली. गौळणीपर्यंत मागं बायका उभ्या राहिल्या होत्या, डोईवर पदर, कडेला पोरं, आणि त्याही म्हणत होत्या. चार वाजले तरी प्रवचनकार महाराज थांबून राहिले, म्हणाले, भैरवी होऊ द्या.

अण्णा त्या दुपारी घरीच होते. कर्णा आमच्या घराकडं तोंड करून आहे. ते काही बोलले नाहीत, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. त्यांना आवडलं असेल अशी समजूत मी करून घेत नाही. एवढं खरं की गोठ्यातल्या खर्जाला आता खाकरत नाहीत. आई पुढच्या एकादशीला टाळ घेऊन मंडळात येऊन बसली, आणि त्यांनी तिला अडवलं नाही.

त्यानंतर बोलावणी येऊ लागली. डोहाळजेवण, वास्तुशांत, बारसं, श्रावणातले सोमवार, कुणाच्या घरी दशक्रियेनंतरचं भजन. बिदागी मिळते ती मंडळात सारखी वाटायची, पेटीचं कर्ज फिटेपर्यंत त्यातला एक वाटा गटाला. यावरून आमच्यात भांडणंही झाली. जी दर वेळी येते आणि जी सणासुदीलाच येते तिला सारखा वाटा का, हा प्रश्न रास्तच होता. आता हजेरीची वही आहे. आत्या अजून बोलते. तिच्या नातीचं डोहाळजेवण झालं तेव्हा भजन मात्र आमच्याच मंडळाचं होतं. आत्या पहिल्या रांगेत बसली होती.

प्रवेशिका प्रथम झाल्यावर बाईंनी विचारलं, लहान पोरींचे वर्ग घेशील का? त्यांच्यानं आता रोज चार तास बसवत नाही. मी गावाहून रोज येणं शक्य नव्हतं, साडेपाचची गाडी चुकली की पुढची आठची. मी पंढरपुरात खोली बघितली. घरी सांगितलं, "जूनपासून मी तिकडं राहणार आहे." अण्णा म्हणाले, "एकटी?" मी म्हटलं, "हो." भाऊ पुण्याहून आला, बैठक झाली, लोक काय म्हणतील हे सगळं बोलून झालं. भावाचं म्हणणं होतं की तो दरमहा पैसे पाठवेल, मी घर सोडू नये. त्याला मी शांतपणे सांगितलं की पैशासाठी चालले नाही. अनामत रक्कम मी बैठकीच्या आधीच भरून आले होते.

खोली लहान आहे. एक खिडकी, एक मोरी, पेटी, शेगडी आणि स्वतःचा फोन, त्यात तानपुऱ्याचं अॅप. सकाळी पोरींचे वर्ग, दुपारी माझं शिक्षण, संध्याकाळी प्रवेशिका पूर्णच्या लेखीचा अभ्यास. लेखी जड जातंय. रागांच्या व्याख्या पाठ होतात, पण जीवनचरित्रं लिहिताना सनावळ्या विसरते. दशमीला मी गावी जाते, कारण एकादशीचं भजन आमच्या मंडळाचं असतं, आणि द्वादशीच्या पहिल्या गाडीनं परत येते.

अण्णांनी खोली अजून पाहिलेली नाही. आई राहून गेली. रात्री अंधारात पडल्या पडल्या ती जात्यावरच्या ओव्या म्हणू लागली, भावाच्या, माहेराच्या, पंढरीच्या वाटेच्या. मी उठून दिवा लावला आणि वहीत लिहून घ्यायला लागले. एकीत अडली की म्हणायची, हात फिरल्याशिवाय आठवत नाही, आणि उताण्यानंच हवेत जात्याचा खुंटा धरून फिरवायची. मग आठवायची. अजून कितीतरी राहिल्यात. ज्वारीची काढणी संपली की ती पुन्हा येणार आहे.